बसायला जाण्याचे शिक्षण

आमच्या ख्रिस्ती मंडळीने यंदा काढलेल्या स्मरणिकेत माझ्याविषयी अर्धे पान आहे. त्या अर्ध्या पानात माझ्यावर तीन आरोप आहेत आणि तिन्ही गौरवाच्या भाषेत केलेले असल्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाहीत. पहिला असा की, सेवकांना घडवण्याची माझी पद्धत मी कोणा परदेशी मिशनऱ्याकडून उचलली. दुसरा असा की, परधर्मीयांच्या घरी तोंड उघडू नये हा नियम मी 'काळाची पावले ओळखून' केला. म्हणजे साध्या मराठीत, मी भ्यालो. तिसरा असा की, माझ्या शिस्तीमुळे 'काही गुणी तरुण दुरावले'. काही नव्हे, एकच. त्याचे नाव शमुवेल, आणि त्याचे नाव न छापता सर्वांना कळावे अशी व्यवस्था लेखकाने केली आहे.

या नाताळ अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'सेवेतील अनुभव' मागितले आहेत. संपादक सुज्ञ आहेत. त्यांना अनुभव नको आहेत, शमुवेलविषयी माझे मत हवे आहे, कारण नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी त्याला पाळकपदाची दीक्षा देण्याचे ठरले आहे. ते मत मी देणार आहे. परंतु आधी पहिल्या दोन आरोपांचा निकाल लावतो.

आमच्या व्यवसायाविषयी बाहेरच्या माणसाची कल्पना अशी असते की, पाळक रविवारी उपदेश करतो आणि सहा दिवस त्याची तयारी करतो. प्रत्यक्षात उपदेश हा या कामाचा लहानसा भाग आहे. खरे काम लोकांच्या घरी असते. आजाऱ्याच्या उशाशी, नवराबायकोच्या भांडणात, मयतीच्या ओसरीवर. सेवक होऊ इच्छिणारा तरुण मात्र माझ्याकडे येई तो बोलण्याची हौस घेऊन. त्याला गाता येई, शास्त्रातील वचने पाठ असत, आणि प्रार्थना तर अशी लांबे की यजमानीण डोळे मिटून बसलेली असताना चुलीवरचे दूध उतू जाई. हे सारे पाहून मी परभणीच्या आमच्या शिक्षणवर्गात एक नियम केला. पहिले वर्षभर व्यासपीठावर उभे राहायचे नाही. प्रत्येकाला एक घर नेमून दिले जाईल. दर शनिवारी त्या घरी जायचे आणि बसायचे. उपदेश नाही, मोठ्याने प्रार्थना नाही, सल्ला नाही. विचारले तर उत्तर द्यायचे, सांगितले तर करायचे, घरात काम चालले असेल तर त्याला हात लावायचा. काही मिळवायला म्हणून जायचे नाही. मनुष्यही नाही आणि माहितीही नाही. यालाच आम्ही 'बसायला जाणे' म्हणत असू. पहाटे कडुलिंबाखाली देवापुढे बसायचे तेही याच रीतीने, काही न मागता. जो देवापुढे गप्प बसू शकत नाही तो माणसापुढे बसू शकणार नाही, असे माझे मत होते आणि आहे.

हे मी कोणा परदेशी माणसाकडून शिकलो नाही. माझे वडील वारले तेव्हा मी शाळेत होतो. पाळक आले, उभ्या उभ्या सुंदर बोलले आणि दुसऱ्या गावी निघून गेले. त्यांचे एकही वाक्य मला आठवत नाही. शेजारचे किराणा दुकानदार महादप्पा, गळ्यात लिंग घातलेले, सकाळी पूजेवाचून पाणी न घेणारे, त्या दिवशी दुकान न उघडता आमच्या भिंतीला टेकून बसले. काही बोलले नाहीत. संध्याकाळी उठताना माझ्या आईला एवढेच म्हणाले, "येतो वैनी. उद्या बी हाय मी." आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच आले. आमच्याकडे सगळ्याच जातीधर्मांत मयतीच्या घरी असे बसायला जातात. मी फक्त ते मयतीपुरते ठेवले नाही. ख्रिस्ती सेवेचा पहिला धडा मला एका लिंगायत दुकानदाराने दिला, हे ज्यांना खटकेल त्यांना खटकू द्यावे.

भीतीचे म्हणाल तर नियम केला तेव्हा भिण्यासारखे काही नव्हते. लोक चहा पाजत आणि पुन्हा या म्हणत. आज काळ बदलला, पाळक कोणाच्या उंबऱ्यात दिसला की धर्मांतराच्या संशयाने चौकशा होतात, म्हणून मागाहून माझ्या नियमाला भीतीचा अंगरखा चढवण्यात आला. माझा नियम तोंड वाचवण्यासाठी नव्हता, तोंड आवरण्यासाठी होता.

तो सर्वांना साधला असे मात्र मी म्हणणार नाही. येलदरीच्या वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ वर्गात आले होते. त्यांना मी धरणाकाठचे मासेमाराचे घर दिले. महिन्याभराने तो मासेमारच परभणीला आला. "साहेब, तुमचे ते वीजघरवाले भाऊ बसत न्हाईत, हजेरी लावत्यात," तो म्हणाला. "येताना घड्याळ बघत्यात, जाताना घड्याळ बघत्यात. माझी बायको म्हणती, मीटर वाचायला येत्यात का काय?" गृहस्थांना मी घड्याळ घरी ठेवायला सांगितले. पुढच्या शनिवारपासून ते सूर्याकडे पाहू लागले.

आणि सुलभा. वर्गातली पहिली स्त्री. नियम ऐकून ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, आमाला गप बसायचं शिकवायलाव व्हय? ते आमी घरूनच शिकून आलाव. आमाला बोलायचं शिकवा." वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण तिचे म्हणणे बरोबर होते. तिच्यासाठी मी नियम उलटा केला. तिने पहिल्याच वर्षी व्यासपीठावर उभे राहायचे. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींनी माझ्याशी बोलणे सोडले, ते मला फायद्याचेच ठरले. स्मरणिकेत मात्र छापले आहे की, स्त्रियांना व्यासपीठ मिळाले ते नव्या समितीच्या दूरदृष्टीमुळे. समितीतील बहुतेक सभासद तेव्हा जन्माला यायचे होते, म्हणून दूरदृष्टी हा शब्द मी मान्य करतो.

आता शमुवेल.

तो सोनपेठचा. मी कितीतरी गळे ऐकले, परंतु तसा गळा पुन्हा ऐकला नाही. ख्रिस्ती कीर्तनाला तो उभा राहिला की बाजारातली माणसे गाठोडी खाली ठेवून थांबत. अशा मुलाला वर्षभर गाऊ न देणे लोकांना क्रूर वाटले. मला आवश्यक वाटले, कारण गळा चांगला असला की माणसाला बाकीचे काही शिकावेच लागत नाही.

त्याला मी पेडगावचे खिल्लारे गुरुजींचे घर नेमून दिले. गुरुजी बौद्ध, प्राथमिक शाळेचे शिक्षक, आणि वादाला पक्के. मी परवानगी मागायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "पोरगं येऊ द्या. पण येताना देव आणू नका म्हणावं संगं. इथं जागा न्हाई." मी म्हणालो, "तो रिकाम्या हाताने येईल." गुरुजी म्हणाले, "रिकाम्या हातानं कशाला? शेतात ज्वारी पडली हाय." शमुवेल गेला, ज्वारी काढली, गुरुजींची व्याख्याने ऐकली. गुरुजींच्या पत्नीला तो माय म्हणू लागला. हे सारे नियमाप्रमाणे चालले होते.

वर्ष सरत आले असताना गुरुजींचा एकुलता एक मुलगा मिलिंद मोटरसायकलच्या अपघातात गेला. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. शमुवेल धावत गेला. ते योग्यच होते. बुद्धवंदना झाली, माणसे ओसरीत, अंगणात बसली होती. शमुवेल दाराशी बसला होता. आणि तेथे, त्या घरात, त्याने आमचे सांत्वनाचे गीत सुरू केले. पूर्ण गळ्याने. सारे अंगण हुंदके देऊन रडले. परतल्यावर त्याने मला स्वतःच सांगितले आणि म्हणाला, "मायनं म्हण म्हणलं, साहेब."

पुढच्याच आठवड्यात खिल्लारे गुरुजी परभणीला माझ्याकडे आले. खुर्चीवर बसले नाहीत.

"तुमच्या माणसानं गायलं," ते म्हणाले. "वाईट गायला असं न्हाई. पण लोक माझ्या लेकासाठी रडायलते, ते त्याच्या गळ्यासाठी रडायला लागले. माझं रडणं बी त्यानं तिकडंच वळवलं. एवढंच सांगायला आलो."

आणि ते गेले. सेवेत मी ऐकलेले सर्वांत कठोर आणि सर्वांत अचूक परीक्षण ते होते.

दीक्षेच्या वेळी आमच्याकडे एक रीत आहे. उमेदवार गुडघे टेकतो, आणि त्याच्यावर हात ठेवण्यापूर्वी मंडळीसमोर त्याच्या शिक्षकाला विचारले जाते की, हा मनुष्य सेवेसाठी तयार झाला आहे काय? शिक्षक होय म्हणाला तरच पुढचा विधी होतो. शमुवेलच्या वेळी मी होय म्हणण्यास नकार दिला. वडीलमंडळी म्हणाली, मायने सांगितले होते, तर मग नियम कोठे मोडला? मी म्हणालो, तिने सांगितले असते तर गुरुजी ते लपवणारे नव्हते. ती बाई त्या दिवशी कोणाला काही सांगण्याच्या स्थितीत होती, यावर माझा विश्वास नव्हता. शमुवेलने वाद घातला नाही. सामान उचलले, सोनपेठला गेला, स्वतःचे प्रार्थनाभवन काढले, गाडीवर भोंगे बांधले आणि बाजाराच्या दिवशी तालुकाभर गात फिरू लागला. लोक म्हणाले, साहेबांना त्याच्या गळ्याचा हेवा वाटला. माझा स्वतःचा गळा असा आहे की मी गायला लागलो तर पेटी वाजवणारा थांबतो; हेवा वाटावा इतकेही त्या दोन गळ्यांत नाते नाही.

एवढी वर्षे गेली. गुरुजी वारले. आता शमुवेलचे प्रार्थनाभवन आणि आमची मंडळी एक व्हावी असे ठरले आहे, आणि त्यासाठी त्याला रीतसर दीक्षा हवी आहे. त्याचा शिक्षक मी, आणि मी अजून जिवंत आहे. समितीचे अध्यक्ष दयानंदराव मागच्या महिन्यात घरी आले.

"सलाम साहेब. पुष्कळ वर्षं झाली. आता एक होय म्हणायचं आहे, दुसरं काही नाही."

"एक होय म्हणायला माणूस कशाला लागतो, दयानंदराव? टेप लावा."

"साहेब, तुम्ही नाही म्हणालात तर लोक काय म्हणतील?"

"जे एवढी वर्षे म्हणत आहेत तेच म्हणतील. त्यांना सराव आहे."

"अहो, त्याचं वय झालं, केस पिकले त्याचे."

"माझे गळाले. त्याने काय सिद्ध होते?"

ते बिचारे चहा न घेता उठू लागले. तेव्हा मी म्हणालो, "गुरुजींच्या पत्नी अजून आहेत. त्यांनी त्याला म्हण म्हटले होते की नाही, हे मी स्वतः विचारून येतो. म्हटले असेल तर मी होय म्हणेन. नसेल तर तुमची रीत तुम्ही बदला." दयानंदरावांना हे न्याय्य वाटले. मलाही वाटले. मात्र ते गेल्यापासून मला स्वस्थता नव्हती. पहाटे कडुलिंबाखाली बसलो की डोक्यात प्रश्नोत्तरे सुरू होत. मी विचारी, बाई उत्तर देई, कधी होय, कधी नाही, आणि दोन्ही उत्तरांवर माझी उलटतपासणी तयार असे. अशा बसण्याला माझ्या वर्गात मी कोणाला बसणे म्हणू दिले नसते.

अखेर एका शनिवारी एसटीने पेडगाव गाठले. गुडघ्यांनी फाट्यापासून गावापर्यंत तक्रार केली, ती मी ऐकली नाही.

माय अंगणात बाजेवर बसून तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती. सून शेतात गेली होती. मला तिने ओळखले, हे विशेष.

"पाळकसाहेब का? या, बसा. लय वाळलाव की."

मी खुर्चीत बसलो. गुरुजींची तसबीर भिंतीवर होती; तसबिरीतही ते वाद घालण्याच्या तयारीत दिसत होते. शेजारी मिलिंदची होती. प्रश्न माझ्या जिभेवर होता. चार-दोन वाक्ये प्रकृतीविषयी बोलून मी घसा साफ केला, तोच मायने फाटकाकडे पाहिले आणि म्हणाली, "आज येळ झाला शमूला."

"कोण शमू?"

"आता गं बया! तुमचाच की. शनवारी यायलाय न्हाई का तो? मिलिंद गेल्यापस्नं. आधी आधी गुरुजी त्याला लय बोलायचे. तोंडावर दार लावलं दोनदा. मग हा ओट्यावर बसायचा, भाईर."

"काय बोलतो येऊन?"

"काय बी न्हाई. काम आसंल ते करतो. गुरुजी आजारी हुते तवा त्यांचं अंग पुसायचा. गुरुजी शिव्या द्यायचे, ह्यो पुसायचा."

"आणि गातो?"

मायने माझ्याकडे पाहिले. "इथं? न्हाई बा. इथं कशाला गातो?"

सोनपेठाहून पेडगाव जवळ नाही.

तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. वर भोंगे बांधलेलीच. गाडी लांब ठेवून शमुवेल पायी आत आला. केस खरोखरच पिकले होते. मला पाहून क्षणभर थबकला, मग हात जोडून "सलाम साहेब" म्हणाला, बाजेच्या पायाशी खाली बसला आणि टोपल्यातील मूठभर शेंगा पुढ्यात घेऊन सोलू लागला. मीही हात पुढे केला. मायने माझ्या ओंजळीत शेंगा टाकल्या.

मी वाद घालण्याच्या तयारीने आलो होतो आणि समोरचा मनुष्य शेंगा सोलत होता. माझी बोटे नीट चालत नाहीत. माझे दाणे अंगणात उडत होते आणि तो ते न बोलता वेचून टोपल्यात टाकत होता.

बराच वेळ गेल्यावर माय म्हणाली, "काय रं, तुमचं भांडण हाय काय? दोघं बी मुके."

"आहे, माय," मी म्हणालो.

"कशापायी?"

शमुवेलचे हात थांबले. त्याने वर पाहिले नाही. प्रश्न आता मी विचारायचाही राहिला नव्हता, तिनेच माझ्या हातात आणून दिला होता. 'त्या दिवशी तू याला म्हण म्हणालीस का?' एवढेच म्हणायचे होते. एका शब्दात सारा जुना खटला निकालात निघाला असता आणि स्मरणिकेच्या लेखकाचे तोंड कायमचे बंद झाले असते.

परंतु 'त्या दिवशी' म्हणजे कोणता दिवस? तिच्या लेकाचा देह जेथे ठेवला होता ते अंगण हेच. त्या दिवसात तिला हाताला धरून परत न्यायचे, तिथे उभे करायचे आणि विचारायचे, आठव बाई, तू तेव्हा काय म्हणालीस? कशासाठी? तर आमच्या मंडळीला साक्ष हवी म्हणून. गुरुजी त्या दिवशी खुर्चीवर का बसले नाहीत ते मला आठवले. त्यांच्या घरातले रडणे दुसरीकडे वळवले गेले होते. मी आता तेच करायला निघालो होतो, तेही गळा नसताना.

"जुनं आहे, माय," मी म्हणालो. "शेंगा संपू देत."

"जुनं आसल तर ऱ्हाऊ द्या," माय म्हणाली. "शेंगा लय हायत."

शमुवेल पुन्हा सोलू लागला. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघे तसेच होतो. निघताना त्याने मला गाडीतून परभणीला सोडतो म्हटले. मी सांगितले, भोंग्याच्या गाडीत मी बसणार नाही. तो म्हणाला, "मग मीबी चालतो फाट्यापर्यंत." आणि चालला. एसटी आली तेव्हा त्याने मला हात देऊन वर चढवले. त्याची मला गरज नव्हती, तरी मी हात सोडवून घेतला नाही.

आता माझे मत. संपादकांनी कृपया यातील एकही शब्द गाळू नये.

मी नरमलो असे कोणी लिहू नये. मी तेव्हा नाही म्हणालो, कारण तेव्हा तो तयार नव्हता, आणि त्या जागी पुन्हा मला उभे केले तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. मी त्याला क्षमा केली असेही लिहू नये. क्षमा मागायला तो आला नव्हता आणि द्यायला मी गेलो नव्हतो. मायने म्हण म्हटले होते की नाही हे मला ठाऊक नाही, आणि मी विचारणार नाही. दयानंदराव, हा आपल्या कराराचा भंग आहे, तो माझ्या नावावर लिहून ठेवावा.

मात्र एक गोष्ट मला काही सुचू देत नाही, आणि तिचे उत्तर या अंकाच्या वाचकांपैकी कोणाकडे असेल असे वाटत नाही. माझ्या नियमाने जे वर्ष मी त्याला नेमून दिले होते ते संपल्यावर तो मोकळा होता. त्यानंतर त्याला त्या ओट्यावर कोणी बसवले? माझ्या शिक्षणाने, की माझ्या नकाराने, की या दोहोंशी काही संबंध नसलेल्या कोणी? हयातभर मी माणसे घडवली असे लोक म्हणतात आणि मीही म्हणू देतो. जो खरोखर घडला तो माझ्या नजरेआड घडला. यावरून काय निष्कर्ष काढायचा, हा विचार पहाटे कडुलिंबाखाली माझ्या आधी येऊन बसलेला असतो.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी शमुवेल गुडघे टेकेल. मला विचारतील, हा मनुष्य सेवेसाठी तयार झाला आहे काय? मी होय म्हणेन. त्याच्या डोक्यावर हात ठेवेन. मग मी जागेवर जाऊन बसेन. बसणे तेवढे मला येते, असा पेडगावला जाईपर्यंत माझा समज होता.